हरिद्वारचं पाणी बद्रीनाथच्या वाटेवर ओतून दिलं

"बापू, तुझ्या गाडीत खुर्चीवानी संडास हाय म्हण?"

"हाय की, आक्का."

"मग बद्रीनाथ हितून कुठवर हाय?"

आमच्या यात्रेचा निर्णय एवढ्या बोलण्यात झाला. आक्का माझी थोरली बहीण. वय सहासष्ट, मुक्काम घाटनांदूर. पावसाळ्यात तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायला कायमची मनाई केली. ती बद्रीनाथचं नाव कित्येक वर्षं घेत होती, पण एकाही यात्रा कंपनीच्या बसमध्ये चढली नाही. कारण ती कुणाला सांगायची नाही, मला माहीत होतं. प्रवास म्हटला की आक्का आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करते. घाटनांदूरहून माजलगावला आमच्याकडे यायचं तरी ओठ कोरडे पडलेले असायचे. "पाणी पिलं की जावं लागतंय, अन् जायचं कुठं?" एवढंच म्हणायची. घाटनांदूर ते माजलगाव असं निभतं. दोन हजार किलोमीटर कसं निभेल?

मी माजलगाव तालुक्यात पंचवीस वर्षं ठिबकचे संच बसवतो. उसाच्या रानात नळ्या अंथरणं हा माझा धंदा. दोन वर्षांपूर्वी एका शाळेची जुनी सतरा सीटची गाडी विकत घेतली, आरटीओची रीतसर परवानगी काढली आणि सवडीने तिचं चाकावरचं घर केलं. दोन बाजा, एक ओटा, छोटं बेसिन, मागच्या कोपऱ्यात दाराआड कमोड, त्याखाली मैल्याची वेगळी बंद टाकी. बाजेखाली शंभर लिटरची टाकी, बॅटरीवर चालणारा पंप, दहा लिटरचा गिझर. गार पाण्याची सगळी जोडणी ठिबकच्या नळीने केली. ती मला डोळे मिटून जोडता येते.

डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर प्रवासाला हरकत नाही. इकडे बद्रीनाथाच्या मंदिराची दारं दिवाळीनंतर थोड्याच आठवड्यांत बंद होतात ती थेट उन्हाळ्यात उघडतात. म्हणजे आमच्या हाती मधले थोडे दिवस, आणि तेही तिथल्या कडक थंडीतले.

"वैशाखात जाऊ की," मी म्हणालो.

"दुसरा गुडघा तवर थांबंल का?" आक्का म्हणाली.

त्याच रात्री मी मोबाइलवर यात्रेची नोंदणी केली.

बर्फाच्या कारखान्यातली परीक्षा

त्या दिवसांत बद्रीनाथला पहाटेचं तापमान शून्याच्या खाली जातं. आमच्या भागात थंडी म्हणजे शाल. नळ्यांतलं पाणी गोठून नळ्या फुटतात हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. परदेशातले लोक हिवाळ्याआधी अशा गाडीतलं सगळं पाणी काढून टाकतात आणि नळ्यांत एक गुलाबी, न गोठणारं औषध भरतात. ते माजलगावात कुठून मिळणार? एका गॅरेजवाल्याने रेडिएटरचा कूलंट भरायला सांगितला. वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती, असलं काही करू नका. तो विषारी असतो. पिण्याच्या, तोंड धुण्याच्या नळीत त्याचा थेंबही जाता कामा नये.

मग मला रज्जाकभाई आठवले. धरणातल्या मासळीसाठी ते बर्फ पाडतात. मी ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा आणि प्लास्टिकचा एक नवा कॉक घेतला, दोन्हींत पाणी कोंडलं आणि त्यांच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर नळी टरारून फुगली होती पण शाबूत होती. कॉक मात्र भुईमुगाच्या शेंगेसारखा उभा उकलला होता.

रज्जाकभाई पोट धरून हसले. "पानी कू कोंडके थंडा कऱ्या तो वो घर फाडकेच निकलता, भाऊ. अंदर रखनाच नै."

"पण कमोडच्या खालच्या वाकणात पाणी राहणारच. ते काढलं तर वास येतो."

त्यांनी मला त्यांच्या हौदाकडे नेलं. बर्फाचे डबे ज्या पाण्यात बुडवलेले असतात, ते पाणी बर्फापेक्षा गार असूनही हलत होतं. "देखो. सबका बर्फ करता, खुद जमता नै. क्यूं? नमक. जिदर से पानी निकलता नै, उदर नमक का पानी डालो."

पंचवीस वर्षं पाण्याच्या धंद्यात असून ही गोष्ट मला बर्फवाल्याकडून कळली.

घरी येऊन काम उरकलं. अशी गाडी करणाऱ्यांसाठी क्रम सांगून ठेवतो. सगळ्यात खालच्या जागी रिकामं करायचा कॉक हवा. आधी पाण्याची टाकी सोडायची. मग पंप कोरडा खोकेपर्यंत काही क्षण चालवायचा, फार नाही, नाहीतर जळतो. गिझर बंद करून थंड होऊ द्यायचा आणि बुडाचा स्क्रू काढून रिकामा करायचा. नुसते नळ उघडून गिझर रिकामा होत नाही, हे लक्षात ठेवा. मग सगळे नळ, गरम आणि गार दोन्ही, कमोडचा हातातला फवारासुद्धा, एकेक करून उघडायचे आणि टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने मागून हळू हवा सोडायची. थुंकी उडाल्यासारखं पाणी येतं, मग नुसती हवा येते. पंपाच्या गाळणीची वाटी पुसायची. शेवटी बेसिनच्या आणि कमोडच्या वाकणात खडेमिठाचं दाट पाणी ओतायचं. नळ अर्धे उघडे ठेवायचे.

सराव म्हणून गाडी नारायणगडाला नेली. दर्शन घेतलं, पिठलं-भाकरी खाल्ली, परत येऊन अंगणात सगळं पाणी काढलं. ते लिंबाच्या आळ्यात गेलं. गिझरचंही काढलं. अर्ध्या तासात गाडी कोरडीठाक. मला वाटलं, जमलं.

माजलगाव ते हरिद्वार

निघालो तेव्हा गाडीत तिघंच. मी, बायको सुमन आणि आक्का. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, ज्वारीचं पीठ, पाच किलो खडेमीठ. गढी गावापासून धुळ्यापर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे इंदूरपर्यंतही चार पदरी आहे. आमच्यासारखी गाडी असेल तर दिवसाला चारशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. अंग आंबतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आक्काने घोटभरही पाणी घेतलं नाही. सेंधव्याच्या पुढे एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी उभी केली. सुमनने मागचं दार उघडून दाखवलं, पाण्याचं बटण दाबून दाखवलं. पंप घुरघुरला, पाणी आलं. आक्का आत गेली. आम्ही दोघं बाहेर उगीच टायर बघत उभे राहिलो.

बाहेर आली. बाजेवर टेकून म्हणाली, "सुमन, च्या टाक गं. कपभर टाक. अर्धा नको."

त्या एका वाक्यावर माझा सगळा खर्च फिटला. इंदूरला तिने पोहे खाल्ले, वर जिलेबी मागितली. शिवपुरीच्या अलीकडच्या ढाब्यावर डाळ-रोटीबरोबर तांब्याभर पाणी प्यायली आणि ढाब्यावाल्याला मराठीतच म्हणाली, "तुमचं पाणी गोड हाय." त्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्याने कांदा आणून दिला.

चौथ्या दिवशी हरिद्वार. गंगेवर आरती पाहिली. मी देवाजवळ मागत नाही, नमस्कार करतो आणि उभा राहतो. त्या दिवशी मात्र मनात म्हणालो, आक्काला एवढं वर चढू दे. एक दिवस आराम केला, टाकी भरून घेतली. यात्रेची नोंदणी मोबाइलवर आधीच केली होती. ज्यांनी केली नसेल त्यांनी ऋषिकेशला करावी, त्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

पीपलकोटी: वाहत्या पाण्याशेजारी पाणी ओतताना

ऋषिकेशपासून पुढे रस्ता नदीचा हात सोडत नाही. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग. एकेका ठिकाणी दोन नद्या मिळतात आणि आक्का प्रत्येक ठिकाणी गाडीतूनच हात जोडते. डोंगर खाली आलेला असला तर रस्ता तासन्‌तास बंद राहतो, म्हणून पहाटे निघावं. आम्ही संध्याकाळी पीपलकोटीला पोचलो. तिथवर पाणी गोठत नाही. बद्रीनाथ तिथून पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर आहे, पण चढ सगळा पुढेच. म्हणून पाणी काढायचं ते इथे, असं मी आधीच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काची अंघोळ झाल्यावर एका चहाच्या टपरीशेजारी गाडी लावली आणि कॉक उघडला. हरिद्वारला भरलेली टाकी, अजून अर्ध्याहून जास्त होती. स्वच्छ पाणी नळीतून धो धो रस्त्याच्या कडेला वाहू लागलं.

"आगं आई! बापू, बंद कर, बंद कर!" आक्का खिडकीतून ओरडली.

"आक्का, काढावंच लागतंय."

"आरं पण असं? मातीत? हे धड पाणी हाय!"

सुमन बादली घेऊन धावलीच होती. बादली भरली, मग पातेलं, मग कुकर, मग चहाचं भांडंसुद्धा. आक्का हातात तांब्या घेऊन गाडीच्या पायरीवर बसली आणि शिंतोडे झेलू लागली. टपरीवाली बाई, साधारण माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल बांधलेली, आमच्याकडे बघतच राहिली.

"भाईजी, ये क्या कर रहे हो?"

मी सांगितलं, वर गोठेल म्हणून काढतोय.

"तो फेंक दो ना! ये देखो." तिने टपरीमागे बोट दाखवलं. डोंगरातून एक धार दगडी तोंडातून पडत होती, रात्रंदिवस, नळाशिवाय, कुणी न बघता. "यहाँ तो चौबीस घंटे बहता है."

सुमनने धार पाहिली. हातातल्या भरलेल्या कुकरकडे पाहिलं. "आमच्याकडं बीडला टँकर येतोय, दीदी. हात धजत न्हाई."

बाईला शब्द कळले नसावेत, पण तिने कुकर घेतला आणि आपल्या मोहरीच्या वाफ्यात ओतला. मग बादलीही. आक्काचं समाधान झालं. पाणी कुणाच्या तरी मुळाशी गेलं.

मी बायकांना हसत होतो, पण आता माझी चूक सांगतो. पंप कोरडा केला, नळ फुंकले, मीठ ओतलं, गिझर निवेल म्हणून तेवढा मागे ठेवला. गिझरपाशी आलो. आक्काच्या अंघोळीसाठी तापवलेल्यातलं अर्ध्याहून जास्त पाणी आत होतं. गरम. हात लावला तर चटका बसत होता. गॅस जाळून तापवलेलं पाणी ओतायचं? अंगणात लिंबाला गार पाणी सहज सोडलं होतं. इथे कढत पाण्यावर हात अडला. म्हटलं, गिझरला आतून जाड अस्तर आहे, उद्या सकाळपर्यंत कोमट राहील, आक्काला तोंड धुवायला होईल. स्क्रू काढायचा पाना हातात घेतला आणि परत खिशात टाकला. सुमनलाही सांगितलं नाही.

बद्रीनाथ: पहिली संध्याकाळ

जोशीमठ ओलांडल्यावर झाडं संपतात. दुपारी तीनला बद्रीनाथला पोचलो. गाडी बसस्थानकाजवळच्या वाहनतळावर लावली. समोर बर्फाचं शिखर, एवढं पांढरं की आक्काने खिडकीची काच पुसून पुन्हा पाहिलं. मंदिर नदीपलीकडे आहे, चालत जाऊन पूल ओलांडावा लागतो, मग पायऱ्या. ठरवलं, आज आराम करायचा आणि उद्या सकाळी तप्तकुंडात स्नान करून दर्शन घ्यायचं. इतक्या उंचीवर गेल्यागेल्या पळापळ करू नये.

दिवेलागणीच्या सुमारास आक्काचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. वाहनतळाशेजारी यात्रेकरूंसाठी दवाखान्याचा तंबू होता. तिथले तरुण डॉक्टर गाडीपर्यंत आले. नाडी पाहिली, बोटाला यंत्र लावलं, जिभेकडे पाहिलं.

"माताजी ने पानी कितना पिया है आज?"

आम्ही दोघांनी आक्काकडे पाहिलं. आक्काने खिडकीकडे पाहिलं.

सुमनने तांब्या उचलला. सकाळी भरला होता तसाच काठोकाठ.

डॉक्टर स्पष्ट बोलले. पाणी प्यायचं, थोडं थोडं, भरपूर. सकाळपर्यंत डोकं दुखायचं थांबलं नाही तर वर थांबायचं नाही, दर्शन असो वा नसो, गाडी खाली घ्यायची.

ते गेल्यावर मी आक्काशेजारी बसलो. "आक्का, कावून न्हाई पिलीस?"

"तू पाणी काढून टाकलंस न्हवं? नळ कोरडे झाले." तिने डोळे मिटले. "रात्री जावं लागलं तर? ह्या थंडीत? कुणाच्या दारात जाऊ? राहू दे बापू. सकाळी खालीच जाऊ. शिखर दिसलं, तेवढं बास."

दोन महिने मी नळ्यांचा विचार करत होतो. नळी फुटू नये, पंप फुटू नये. ज्या माणसासाठी नळी होती, तिचा विश्वास पंपाच्या घुरघुरीवर बसला होता, आणि तो पंप मीच तिच्या डोळ्यांदेखत कोरडा केला होता. कोरड्या गाडीतही सोय आहे, हे तिला सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

मी मिठाच्या पाण्याचं समजावायला लागलो. रज्जाकभाई, हौद, वाकण. आक्का ऐकत नव्हती. तेव्हा सुमन उठली. पीपलकोटीच्या धारेवरून भरून घेतलेले दोन कॅन आम्ही बाजेजवळ आतच ठेवले होते, अंगाच्या उबेत. तिने एक बादली भरली, त्यात मग टाकला आणि बादली नेऊन कमोडशेजारी ठेवली. दार सताड उघडं ठेवलं.

"आक्का, हिकडं बघा. घाटनांदूरला तुमच्या संडासात नळ हाय का?"

"न्हाई."

"मग काय हाय?"

"बादली."

"मग ही काय हाय?"

आक्काने मान वळवून पाहिलं. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "आगं, पर ती बादली गोठ्यापर्यंत उचलून न्यावी लागती. ही तर हातावर हाय."

"अन् खुर्ची बी हाय."

"अन् खुर्ची बी हाय," आक्का म्हणाली आणि हसली. डोकं धरूनच हसली. "आण तो तांब्या."

सुमनने गॅसवर पाणी कोमट केलं. थंडीने गॅसची ज्योतही आमच्यासारखीच आखडली होती, चहा व्हायला दुप्पट वेळ लागला. तुम्ही जाल तेव्हा गॅस जास्तीचा न्या. आक्का घोट घोट पीत राहिली. एक तांब्या संपला. दुसरा अर्धा झाला. झोपायच्या आधी ती एकदा आत जाऊन आली, बादलीचा आवाज आला, सुमनने तिला शेवटी मिठाचं पाणी ओतायला लावलं, आणि आम्ही तिघं रजयांत शिरलो.

दर्शनाचा दिवस

सकाळी सहाला जाग आली ती आक्काच्याच आवाजाने. "बापू, ऊठ. डोकं न्हाई दुखत."

मी दोनदा विचारलं. दोनदा "न्हाई" म्हणाली. डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी यंत्र लावलं आणि हसून मान डोलवली. "धीरे चलना, पानी पीते रहना."

बाहेर टायरजवळ विसरलेली बाटली दगडासारखी झाली होती. आत कमोडच्या वाकणातलं खारं पाणी हलत होतं. माझ्या मनात बर्फाच्या कारखान्याला एक नमस्कार गेला.

एवढ्यात शेजारच्या बसमधल्या चार-पाच बायका आमच्या गाडीसमोर घुटमळताना दिसल्या. बुलढाण्याकडच्या निघाल्या. त्या उतरल्या होत्या तिथले नळ गोठले होते, बादल्यांतही बर्फ. एक म्हातारी तर पोट धरून उभी होती. सगळ्या नुसत्या शाली सावरत होत्या. आक्काने खिडकी उघडली. काय झालंय ते तिला विचारावं लागलं नाही.

"या गं, वर या. एकेक या. लाजू नका. हितं सगळं हाय."

माझ्या आक्काने, जिने आयुष्यभर ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही, तिने भर वाहनतळावर हाक मारली. मी शहाण्यासारखा खाली उतरून लांब जाऊन उभा राहिलो. सुमन बादल्या भरत होती, आक्का दाराशी बसून मिठाची मूठ पाण्यात ढवळून देत होती. "शेवटाला हे वता. इसरू नका. हे न्हाई वतलं तर बंद पडंल." एवढ्या अधिकाराने बोलत होती की वाटावं, ही गाडी तिनेच बांधली.

पहिलं ऊन गाडीवर पडलं आणि मला आवाज ऐकू आला. टप. टप. टप. पंचवीस वर्षं ज्या आवाजावर पोट भरलं, तो मी झोपेतही ओळखेन. ओट्याखालचं दार उघडलं. गिझर स्वतः शाबूत होता, पाणीही आत कोमटच होतं. पण त्याच्या खाली गार पाण्याच्या तोंडाशी जो छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यात अडकलेलं पाणी रात्री गोठलं आणि तो उकलला. ऊन लागून बर्फ सुटत होता. खाली वीतभर अंतरावर बॅटरी.

"काय झालं?" सुमन आली.

"गिझर रिकामा केला न्हवता."

"कावून?"

"गरम होतं."

"मी कुकर सुदिक वतू दिला, अन् तुमी?"

बोलायला वेळ नव्हता. कालपासून खिशातच पडलेला पाना काढला. गिझरच्या बुडाचा स्क्रू सोडला, खाली नळी लावून पाणी बादलीत घेतलं. सहा-सात लिटर निघालं. मग उकललेला व्हॉल्व्ह कापून काढला, ठिबकच्या नळीचं तोंड दुमडलं आणि त्यावर इंग्रजी आठच्या आकड्याची प्लास्टिकची कडी सरकवली. उसाच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी आम्ही असंच तोंड बंद करतो. आमच्या तालुक्यात शाळेत जाणारं पोरही हे करतं. पाच मिनिटांत काम संपलं. बॅटरीवर एक थेंब गेला नाही.

बादलीतलं पाणी मात्र खरोखर कोमट होतं. आक्काने ते पाहिलं आणि बाहेरच्या बायकांना पुन्हा हाक मारली. "तोंडं धुवा गं, ऊन पाणी हाय." एवढ्या बायकांनी त्या सहा लिटरांत तोंडं धुतली की हरिद्वारला भरलेलं पाणी धन्य झालं असेल. मला मात्र सुमनने दिवसभर सोडलं नाही.

साडेनऊला आम्ही पूल ओलांडला. आक्का एका हातात काठी, एका हाताने सुमनचा खांदा धरून चालत होती. पालखीवाले विचारत होते, ती त्यांना "न्हाई बाबा" म्हणत पुढे. तप्तकुंडाजवळ वाफ उठत होती. बायकांचं कुंड वेगळं आहे. सुमन तिला घेऊन आत गेली. मी माझ्या बाजूच्या पाण्यात उतरलो. सगळीकडे पाणी दगड होतंय आणि इथे डोंगराच्या पोटातून कढत येतंय, कुणी तापवलेलं नाही, कुणी साठवलेलं नाही, किती घ्यायचं ते विचारत नाही. मी गळ्यापर्यंत बसून राहिलो. देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही.

पायऱ्या तिने एकेक करून चढल्या. मंदिरात गर्दी होती, दारं बंद व्हायचा आठवडा होता. दर्शन म्हणाल तर श्वासाएवढं. आक्का बाहेर आली, उन्हात पायरीवर बसली आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "चढला बघ. डॉक्टरला सांग, चढला." मग पिशवीतून तिने स्वतः बाटली काढली आणि गटागटा प्यायली.

घरी

उतरताना हरिद्वारला नवा व्हॉल्व्ह घेऊन बसवला. किरकोळ पैशाची वस्तू आहे, निघतानाच एक जादा घेऊन ठेवा. आठवड्याने माजलगावला पोचलो. अंगणात टाकी भरली. नळ आधी खोकले, मग शिंतोडे थुंकले, मग नीट वाहू लागले. दोनदा टाकी भरून सोडली तेव्हा नळ्यांतला कोंदट वास गेला. आक्काला घाटनांदूरला पोचवलं.

जायचा विचार करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. गाडीचं पाणी काढायला अर्धा तास लागतो. म्हाताऱ्या माणसाला ती कोरडी गाडी दाखवायला, त्यात बसवून समजावायला आणखी अर्धा तास द्या. तो अर्धा तास मी दिला नाही, आणि दर्शन थोडक्यात वाचलं.

परवा आक्काचा फोन आला. आधी वाटलं गुडघा. पण आवाज खणखणीत होता.

"बापू, रविवारी मोकळा हायस का? पाइपं घिऊन ये. अन् ती खुर्ची."

मागून भाच्याचा आवाज ऐकू येत होता. "आई, मागं गोठ्यापाशी हाय ना एक. तिथंच बसवू की नवं."

"गोठ्यापाशी न्हाई," आक्का त्याला म्हणाली. फोन हातातच होता, ऐकवायचं मलाही असावं. "माझ्या खोलीच्या भिंतीला लागून. दार आतून."

"आई, खोलीला लागून कोण बांधतंय?"

"मी."

आक्का मग मला म्हणाली, "खिडकी उगवतीला ठीव." आणि फोन ठेवून दिला.

सहासष्ट वर्षांत तिने घरात स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू. मी सुमनला सांगितलं, रविवारचं दुसरं काम कुणाचं घेऊ नकोस.